घुमारा डग्ग्याचा की खोक्याचा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या शाळेच्या संगीतवर्गात तीनतालाचे ध्वनिमुद्रण लावून विद्यार्थ्यांकडून त्यावर हाताने ताल धरून घेण्याचा पाठ चालला होता. मध्य लयीत सर्व काही सुरळीत चालले. द्रुत लय सुरू होताच मात्र आठवीतील एक विद्यार्थी मध्येच थांबला आणि म्हणाला, "सर, खाली कुठे आली तेच कळत नाही." वर्गात हशा पिकला. संगीतशिक्षकांनी मात्र तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावले, कान देऊन ऐकले, आणि मधल्या सुट्टीत ते आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसले. मुलाचे काहीच चुकले नव्हते. चुकत होते ते भिंतीवरचे स्पीकर.

ज्यांचा तबल्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत 'तिं तिं ता ता' असे बोल येतात. या चार मात्रांत डावा हात डग्ग्यावर घुमत नाही. उजव्या हाताचा तबला एकटाच बोलतो. चौदाव्या मात्रेला 'धिं' म्हणत डग्गा परत येतो. खालीचा हात नवव्या मात्रेवर दाखवीत असले, तरी कानाला ती पटते डग्ग्याचा घुमारा थांबल्यामुळे. आता द्रुत लयीत सेकंदाला चार मात्रा धरल्या, तर एक मात्रा पाव सेकंदाची झाली. आमच्या स्पीकरांच्या पुढल्या अंगाला एक वाटोळे भोक होते आणि त्यांच्या वेष्टनावर भरदार खर्जाची पुष्कळ ग्वाही दिलेली होती. डग्ग्यावरील प्रत्येक आघातानंतर त्यांतून एक 'हुं' निघे आणि रेंगाळत राही. नवव्या मात्रेच्या 'धा'चे शेपूट असे दहावीच्या अंगावर पडत होते. मुद्रणातला डग्गा थांबला होता. थांबले नव्हते ते खोके.

त्या दिवसापासून आम्ही दोघे, म्हणजे संगीताचे शिक्षक आणि विज्ञानाचे, एका शोधाला लागलो. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा लहान, सर्व बाजूंनी बंद, आणि ज्याचा आवाज स्वच्छ व चपळ आहे, असा स्पीकर आम्हांला हवा होता. त्या शोधात जे वाचले, मोजले आणि पडताळले ते येथे मांडतो. एक सांगून ठेवू. अशा खोक्यास पुष्कळजण पेटी म्हणतात; पण संगीताच्या लेखात पेटी म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे बाजाची पेटी उभी राहील, म्हणून आम्ही खोके हाच शब्द ठेवला आहे.

मुळात स्पीकरला खोके लागतेच कशाला? आज घरोघरी असणाऱ्या स्पीकरचे मूळ रूप १९२५ साली अमेरिकेतील राइस व केलॉग या दोघा अभियंत्यांनी सिद्ध केले. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदाचा शंकू, आणि वेटोळ्यातून वाहणारा गाण्याचा विद्युत्प्रवाह, एवढाच तो संसार. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लहरी फार लांब असतात. सेकंदाला पन्नास कंपने होणाऱ्या स्वराची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. वीतभर शंकूला वळसा घालून मागे जाणे हा तिच्या हातचा मळ! तेव्हा पुढचा दाब आणि मागची विरळता एकमेकांस भेटतात व नाहीशा होतात, आणि उघड्या स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही. मागच्या लहरीला कोंडून ठेवावे यासाठी खोके.

कोंडण्याचे प्रकार दोन. पहिल्यात खोके पूर्ण बंद करतात. दुसऱ्यात त्याला एक भोक व आतून नळी ठेवतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठराविक स्वरात घुमते, हा खेळ कोणी केला नाही? भोकाच्या खोक्यात तीच बाटली कामाला जुंपलेली असते. शंकू जेथे थकतो तेथे नळीतील हवा घुमू लागते आणि खर्जाला आधार देते. युक्ती चतुर आहे, आणि जाणत्या हाताने बेतली तर उत्तमही आहे. भोकाचे सर्वच स्पीकर वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण घुमणारी वस्तू घुमायला वेळ घेते आणि थांबायलाही वेळ घेते. झोका देणे थांबवले म्हणून झोपाळा लगेच थांबत नाही. दुकानात पाच मिनिटे ऐकणाऱ्याला खूष करावे म्हणून त्या नळीला नको तेवढे बोलके केले, की आमच्या वर्गात झाले तेच होते. शिवाय नळीच्या स्वराखाली उतरताच शंकूमागचा हवेचा आधार सुटतो, तो नुसता फडफडू लागतो, आणि आवाज दर सप्तकाला २४ डेसिबेल या वेगाने कोसळतो. बंद खोक्यात हीच उतरण दर सप्तकाला १२ डेसिबेल असते. पहिला कडा आहे, दुसरा घाट.

बंद खोके लहान करण्याची खरी किल्ली सापडली १९५४ साली, आणि ती कथा शाळेच्या अंकात सांगण्याजोगी आहे. एडगर विल्चर हे न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर वर्ग घेत. त्या काळी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढे खोके लागे, कारण लहान खोक्यात कोंडलेली हवा शंकूला मागे ढकलते व त्याची हालचाल अडवते. विल्चर यांनी प्रश्न उलटा केला. शंकूला स्वतःच्या जागी आणण्यासाठी त्याच्या कडेला ताठ सुरकुत्यांचे कडे बसवावेच लागते. ते जास्त ताणले की वाकडे वागते व स्वर बिघडवते. मग हे कडेच अगदी ढिले का करू नये, आणि शंकूला परत आणण्याचे काम खोक्यातील हवेकडेच का सोपवू नये? नववीच्या पुस्तकातील बॉइलचा नियम आठवावा. कोंडलेली हवा थोडीशी दाबली, तर तिचा विरोध दाबण्याच्या प्रमाणातच वाढतो. तिच्याइतकी सरळ स्वभावाची स्प्रिंग कापडाची वा कागदाची होत नाही. जो शत्रू वाटत होता तोच मदतनीस ठरला. पहिल्या नमुन्याचे ढिले कडे विल्चर यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या खोळीच्या कापडातून बेतून शिवले होते. वर्गातील एक विद्यार्थी हेन्री क्लॉस यांना बरोबर घेऊन विल्चर यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा एआर-१ हा स्पीकर सुमारे २५ इंच उंच, १४ इंच रुंद व ११ इंच खोल होता. आज आपल्याला तो मोठाच वाटेल. पण तो फळीवर आडवा मावत असे, आणि 'बुकशेल्फ स्पीकर' हे नाव रूढ झाले ते अशा खोक्यांमुळे. पुढे या कंपनीने श्रोत्यांसमोर चार वादकांचा एक वृंद बसवला. वादक वाजवता वाजवता गुपचूप थांबत, आवाज मुद्रणातून चालू राही, आणि ते केव्हा थांबले हे पुष्कळांस ओळखता येत नसे.

तेव्हा बंद खोके आणले की झाले, असे आम्हांला प्रथम वाटले. ते तसे नाही, हे आकडेमोडीने दाखवले. समजा, साडेसहा इंची एक स्पीकर मोकळ्या हवेत सेकंदाला ४० कंपनांवर सहज डोलतो, आणि त्याच्या कड्याचा लवचिकपणा २४ लिटर हवेच्या स्प्रिंगइतका आहे. तो ८ लिटरच्या बंद खोक्यात बसवला. चोवीसला आठाने भागले की ३. त्यात १ मिळवला की ४. त्याचे वर्गमूळ २. म्हणून डोलण्याची संख्या दुप्पट, म्हणजे ८० झाली. अभियंते ज्याला 'क्यू' म्हणतात तो घुमण्याचा अंकही त्याच पटीत वाढतो, मूळचा ०.३५ असेल तर ०.७० होईल. आता हाच स्पीकर ३ लिटरच्या खोक्यात कोंबा. चोवीस भागिले तीन म्हणजे ८, अधिक १ म्हणजे ९, वर्गमूळ ३. डोलण्याची संख्या १२० वर गेली आणि क्यू १.०५ झाला.

या अंकाचा अर्थ दवाखान्याच्या स्प्रिंगच्या दारावरून ध्यानी येईल. ०.५ चे दार सोडले की न झुलता येऊन बंद होते. ०.७ चे किंचित पुढे जाऊन परत येते. खर्जाची पातळीही तेथेच सर्वांत सपाट राहते. एकाच्या पुढचे दार मात्र मागेपुढे झुलत बसते. म्हणजे फाजील लहान केलेले बंद खोकेही घुमते, आणि तेही डग्ग्याच्या नेमक्या प्रदेशात! दुकानदाराने "साहेब, हे सीलबंद आहे" असे सांगितले म्हणून खिशात हात घालू नये.

खोक्यात लोकर किंवा तत्सम तंतू सैलसर भरतात, त्याचे कारणही विद्यार्थ्यांना आवडेल. आवाजाचे दाबणे-सोडणे इतके झपाट्याने होते की हवा तापते व निवते, आणि तापलेली हवा अधिक ताठ होते. बॉइलचा नियम तर तापमान स्थिर असतानाचा. लोकरीचे तंतू ती उष्णता तात्पुरती शोषून घेतात, हवा पुन्हा बॉइलच्या शिस्तीकडे झुकते, आणि खोके आहे त्यापेक्षा थोडे मोठे असल्यासारखे वागते. फार ठासून भरली तर मात्र लोकरच जागा खाते.

आता 'चपळ' या शब्दाविषयी. जाहिरातींत चपळ खर्ज, वेगवान खर्ज असे शब्द सर्रास आढळतात. काटेकोर बोलायचे तर खर्ज चपळ असूच शकत नाही. सेकंदाला ८० कंपने म्हणजे एका कंपनाला साडेबारा हजारांश सेकंद लागणारच. त्यापेक्षा तो स्वर लवकर कसा येईल? तबल्यावरच्या बोटाचा जो टणत्कार आपल्याला चटकन जाणवतो, तो वरच्या स्वरांतून येतो आणि लहान स्पीकर त्याला पुरेपूर असतो. तरीही कानाला चपळपणा व मठ्ठपणा यांतला फरक कळतो, हे खरेच आहे. कळतो तो थांबण्यावरून. 'तिरकिट'सारखी अक्षरे सेकंदाला बारा-पंधरा पडू लागली, की दोन अक्षरांत सुमारे सत्तर-ऐंशी हजारांश सेकंदांचाच अवकाश उरतो, म्हणजे त्या खर्जाची जेमतेम सहा कंपने. खोके आघात संपल्यावर चार-पाच कंपने स्वतःच्या मर्जीने घेत राहिले, तर पुढचे अक्षर चिखलात पडल्यासारखे ऐकू येते. वेळेवर थांबणाऱ्या स्पीकरला आपण चपळ म्हणतो. आमच्या इंदुरास उस्ताद अमीर खाँ यांची अतिविलंबित लय ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हेच उलट्या बाजूने पटेल. तेथे दोन आघातांमधली जागा इतकी मोठी असते की तिच्यात खोक्याने उच्चारलेला एक अनाहूत हुंकारही खपत नाही.

या पंथाचे दोन नामांकित नमुने सांगितले पाहिजेत. पहिला बीबीसीचा एलएस ३/५ए. बाहेरगावी ध्वनिमुद्रणासाठी जाणाऱ्या गाडीत मोठा स्पीकर मावत नसे, म्हणून त्या संस्थेच्या अभियंत्यांनी १९७० नंतरच्या दशकात हे जेमतेम पाच लिटरचे, फूटभर उंचीचे बंद खोके तयार केले. त्याच्या भिंती जाडजूड असतील असे कोणालाही वाटेल. त्या होत्या पातळ, बर्चच्या प्लायवूडच्या, आणि आतून जड डांबरी थर चिकटवून मुक्या केलेल्या. जाड भिंतही घुमतेच, फक्त वरच्या स्वरात, जेथे कान अधिक तिखट असतो. पातळ व मुकी केलेली भिंत खाली घुमते आणि लवकर निवते, असा त्यांचा अनुभव होता. मानवी आवाज या खोक्यातून इतका खरा येई की आजही काही कंपन्या ते बनवतात. दोष नाही असे नाही. शंभर कंपनांच्या वर त्याच्या आवाजाला मुद्दाम ठेवलेला किंचित उंचवटा आहे. त्याने खर्ज असल्याचा भास होतो. पाच लिटरांत त्याहून अधिक मागणे हाच अन्याय होय.

दुसरा नमुना यामाहा कंपनीचा एनएस-१०, १९७८ सालचा, सुमारे दहा लिटरचा. घरात ऐकणाऱ्यांना तो आवडला नाही. आवाज कर्कश होता. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तो उचलला. त्यांच्यापैकी काहीजण वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरपुढे पातळ कागद लावून त्याचा कर्कशपणा मोडीत, पण त्याला सोडीत नसत. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी साउदॅम्प्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी अनेक स्टुडिओ-स्पीकरांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत हे खोके आवाज संपल्यावर फार लवकर शांत होणाऱ्यांपैकी निघाले. कानांनी जे आधीच ओळखले होते त्याला यंत्राने दुजोरा दिला.

इतक्या लहान खोक्यात आपल्या संगीताचा खर्ज मावतो का, ही शंका संगीतशिक्षकांनी काढली, आणि ती योग्यच होती. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने घेते. डग्गा साधारण शंभराच्या अलीकडेपलीकडे बोलतो. ८० पर्यंत सपाट जाऊन पुढे घाटाने उतरणारे बंद खोके तंबोऱ्याचा मूळ स्वर थोडा क्षीण करील; पण जव्हारीचे मर्म त्या मूळ स्वरात नसून त्याच्यावर उठणाऱ्या स्वयंभू स्वरांच्या माळेत आहे, आणि ती माळ पूर्ण असली की खालचा मणी कान आपण होऊन ओवतो. चर्चमधल्या प्रचंड ऑर्गनचे तळाचे सूर ज्यांना हवे असतील त्यांनी मोठे खोके घ्यावे. आमचे काम त्यावाचून अडत नव्हते. येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची आठवण होते. मृदंग व तबला यांच्या शाईमुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत बसतात, म्हणूनच ही चर्मवाद्ये स्वरात बोलतात, हे त्यांनी १९२० साली व पुन्हा १९३४ साली सविस्तर दाखवले. शाईचा लेप एवढ्या निगुतीने चढवणाऱ्या कारागिराचे काम एका बेसूर हुंकाराने पुसावे, याचे आम्हांला वाईट वाटले.

किंमत मोजावी लागतेच. लहान खोके, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिहींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. हा निसर्गाचा व्यवहार आहे, कंपन्यांचा नव्हे. बीबीसीच्या त्या खोक्याचा आवाज मीटरभर अंतरावर, ठरलेल्या विद्युत्दाबाला, सुमारे ८३ डेसिबेल भरतो. मोठे स्पीकर ९० सहज देतात. सात डेसिबेलांचे हे अंतर तोडायला पाचपट शक्तीचा ॲम्प्लिफायर लागतो. आम्ही आधी आहे त्याच स्पीकरांच्या भोकांत लोकरीचे मोजे गुंडाळून बसवून पाहिले. घुमारा पुष्कळ कमी झाला, मात्र भरदारपणाही गेला आणि खोक्याच्या भिंती गुणगुणतच राहिल्या. खर्च शून्य असल्यामुळे वाचकांनी घरी हा प्रयोग जरूर करावा. मोजे धुतलेले असावेत.

मग नव्यांची चौकशी केली. हार्बेथ आणि एटीसी या इंग्लिश कंपन्या लहान बंद खोक्यांसाठी नावाजलेल्या आहेत. त्यांच्या किमती ऐकून आम्ही चहा मागवला. शेवटी वळलो जुन्या बाजाराकडे. चार रविवार हिंडलो. बरोबर तीनतालाचे तेच ध्वनिमुद्रण, एक मेणबत्ती आणि बोटांची पेरे, एवढी सामग्री होती. भोक मागच्या बाजूला लपवलेले असते, तेथे मेणबत्ती धरली की खर्जाबरोबर ज्योत नाचते. पेराने खोक्यावर टिचकी मारावी. 'टक्' असा मुका आवाज आला तर बरे, 'टंऽ' आला तर पुढे चालू लागावे. कित्येक स्पीकरांचे फोमचे कडे बोट लागताच भुगा होऊन पडले. एका दुकानात रबरी कड्याची, आठ-नऊ लिटरची एक जोडी धूळ खात पडली होती. मोठ्या शंकूला चार बोटांनी हलकेच दाबून क्षणभर धरले व सोडले. वरचा लहान घुमट मात्र कधीही दाबू नये, तो जागीच मरतो. डावा शंकू सावकाश परत आला, म्हणजे खोके हवाबंद होते. उजवा फटकन परतला. तो कोठेतरी गळत होता. या गळतीचे बोट दाखवून भाव उतरवला, हे कबूल केले पाहिजे. शाळेत आणून स्क्रू काढले तेव्हा शंकूच्या चौकटीखालची पट्टी वाळून तडकलेली आढळली. खिडकीच्या फटींना लावतात तसली फोमची नवी पट्टी बसवताच उजवा शंकूही डाव्यासारखा सावकाश परतू लागला.

जागेचाही प्रश्न होता. बंद खोके भिंतीजवळ ठेवले की भिंतीमुळे त्याच्या खर्जाला उठाव मिळतो, आणि आमच्या जोडीला तो हवाच होता. बारा फूट लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा स्वर भिंतींमध्ये आपोआप उभा राहतो. त्याखाली लहान खोलीच खर्जाला थोडा हात देते, आणि बंद खोक्याची सौम्य उतरण त्या मदतीशी छान जुळते. ऐन कोपऱ्यात ठेवून पाहिले तेव्हा जुना हुंकार डोकावू लागला, म्हणून दोन फूट अलीकडे आणले. आता ती जोडी संगीतवर्गाच्या पुस्तकांच्या फळीवर, एकीकडे शब्दकोश व दुसरीकडे जुने अंक यांच्यामध्ये उभी आहे.

पहिल्या दिवशी त्याच विद्यार्थ्याला बोलावले, पाठ करून उभे केले आणि द्रुत तीनताल लावला. डग्गा थांबताच त्याने हात उलटा केला. सरांनी लय आणखी चढवली. हात चुकला नाही. मग त्याने विचारले, "सर, आता आवाज लहान का येतो?" त्याचे म्हणणे बरोबरच होते. स्नेहसंमेलनाच्या पटांगणात ही जोडी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. तेथे या वर्षीही भाड्याचे कर्णेच लागतील, आणि भाषणांना ते पुरतात.